शेवटचं कोरं पान

कुंभारीच्या एसटीत घोंगडं पांघरून पेंगणाऱ्या बिरदेव धनगराच्या कानावर पुढच्या बाकावरचं बोलणं तरंगत येत होतं.

"सुकन्या, आपल्या वेबसाइटवर बटण दाबलं की तुझ्या आजोबांच्या धनगरी ओव्या कशात उतरवून द्यायच्या? वर्डमध्ये?"

"नको, अनिल. कुणीबी शब्द बदलंल. पीडीएफ कर. कुटंबी छापा, आजोबांची ओळ हलायची न्हाय."

"पण गाणाऱ्यानं शेवटची ओळ आपली जोडायची असते, हे तूच सांगितलंस."

"व्हय. आजोबाबी दर जत्रेला नवी जोडायचे की."

"मग ती पीडीएफमध्ये बसायची कुठं?"



"शेवटी एक पान कोरं सोड. छापलं की हातानं लिहील ज्याचं त्यो."

घोंगड्याआड, मिटल्या डोळ्यांनीच, बिरदेवचे ओठ आपली ओळ जुळवत हलायला लागले.