ड्रॅगनच्या धुनेची शेवटची ओळ

नाही नाही, ती नको, ती खुर्ची बासरीवालीची — तू इकडे, खिडकीपासून दुसरी. तिथं इतकी वर्षं आमचे हे बसायचे. आमचे हे म्हणजे माझा नवरा गं. वरचे दात गेले ना त्यांचे — क्लॅरिनेटला वरचे दात लागतात, ते तुला काय सांगायचं — कवळी लावून वाजवायला बसले, तर सूर निघायच्या आधी कवळीच निघाली. हस, हस, तेही हसले. तर त्यांच्या जागी आता तू. लवकर आलीस ते बरं केलंस, दहाला रेकॉर्डिंग, अजून पाऊण तास इकडे कुणी फिरकत नाही. मी? मी नोटेशन उतरवणारी. साहेब — म्हणजे आपले संगीतकार — सगळ्या वाद्यांचं एकत्र पेन्सिलीनं खरडतात, मी त्यातून प्रत्येकाचं वेगळं, शाईनं, स्वच्छ लिहून ज्याच्या त्याच्या स्टँडवर ठेवते. हो, अजून हातानंच. कॉम्प्युटरवाले दोघं आले होते, साहेबांचं अक्षर बघून जे गेले ते गेलेच.

सिनेमे पाहिलेस ना सगळे? चारही? मग हा पाचवा, शेवटचा. प्रत्येकाची आपली धून — राणीची ट्रंपेटवर, चोरट्या बुटक्याची व्हायोलिनच्या तारांना टिचक्या मारत, आणि ड्रॅगनची एकट्या क्लॅरिनेटवर. धून तीच, पण दरवेळी कपडे बदलून येते. तिसऱ्या भागात राणीचं राज्य गेलं, तेव्हा ट्रंपेट नाहीच, नुसता एक चेलो, तोही हळू — साहेबांनी गुणगुणून दाखवलं होतं, उतरवताना मी इतकी रडले की शाई फिसकटली, पान पुन्हा लिहावं लागलं. आणि थेटरात पोरं बघ, पडद्यावर काही दिसायच्या आत ओरडतात, बुटका आला, बुटका आला! आमच्या घरीही तेच. यांना भूक लागली की ड्रॅगन गुणगुणतात. माझी नणंद जिना चढायला लागली की चेटकिणीची धून सुरू. तिला वाटतं, आपण आलो की दादा किती खुशीत येतो!

तर ड्रॅगनची धून. मध्येच तुटते ती, लक्षात आलंय ना? वर चढते, चढते आणि थांबते. त्यावर लोकांनी काय काय लिहिलंय! म्हणे त्याला काहीतरी सांगायचंय आणि सांगता येत नाही. साहेबही मुलाखतीत सांगतात, मी मुद्दामच तसं केलं. आज शेवटच्या प्रसंगात ड्रॅगन कायमचा उडून जातो, तिथं ती धून पुरी करायचीय — आणि साहेबांना जमत नाहीये. सात शेवट लिहिले, सात फाडले. जेवण नाही, झोप नाही. परवा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, बाई, पहिल्या वेळी मी हिचा शेवट लिहिला होता हो, फार सुंदर होता, आता काही केल्या आठवत नाही. आणि मी मान खाली घालून पेनात शाई भरत बसले. का म्हणजे? उगीच. शाई संपली होती. — असं बघू नकोस गं. बरं, सांगते. पण कुणाला बोललीस तर याद राख.

साहेबांना सवय, काही वाढवायचं झालं की कागदाची पट्टी कापायची, त्यावर लिहायचं आणि पानाला डिंकानं चिकटवायची. डिंक कसला, नुसतं पाणी! तर अकरा वर्षांपूर्वी, पहिला सिनेमा, एका आठवड्यात संगीताचे चाळीस तुकडे, माझा हात भरून आलेला — त्यात ड्रॅगनच्या पानावरची पट्टी सुटली आणि चिकटली माझ्या स्वेटरच्या बाहीला. मला पत्ता नाही. पान उतरवलं, स्टँडवर ठेवलं. आमचे हे — तेव्हा आमचे नव्हते — वाजवत गेले, आणि ओळच संपली. दुसरा कुणी असता तर हात वर करून ओरडला असता, पुढचं कुठंय? हे थांबले. इतके शांत थांबले की जणू लिहिलंच होतं तसं. आणि आतून दिग्दर्शक धावत बाहेर, डोळ्यांत पाणी, हेच, हेच हवं होतं मला! साहेब काय म्हणणार? म्हणाले, मला वाटलंच होतं तुम्हाला आवडेल. संध्याकाळी हे माझ्या टेबलाशी आले, बाहीवरची पट्टी अलगद सोडवली, वाचली, हसले आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, जे झालं ते बरंच झालं. समजूत घालत होते, दुसरं काय? साहेब तर जिथं तिथं सांगतात, आमच्या बाईंच्या हातून चूक होत नाही. एक शार्पची खूण — सूर अर्धा चढवायची — राहिली म्हणून त्यांनी माणूस घरी बसवलाय. मी कुठल्या तोंडानं बोलणार होते?

ही बघ ती. पर्समध्ये घेऊन फिरते. तुला खोटं वाटेल, पण मी ही कधी ऐकलेलीच नाही. मला लिहिता येतं, नुसतं बघून मनात वाजत नाही. सुरुवातीला रोज संध्याकाळी यांच्याकडे जायची, एकदा वाजवून दाखवा ना — तर आज क्लॅरिनेटची पात चिरली, उद्या शेजारी आजारी. चार महिने खेपा घातल्या, मग लग्नच झालं, विचारायचं राहिलं. आता दात नाहीत. तू वाजवशील? कोण ऐकतंय इथं. एकदाच. साहेबांना द्यायची की नाही ते मला आज ठरवायलाच हवं.

… संपली? एवढीच? परत वाजव बघू.

अगं, ही तर — ही तर काहीच नाही! पुढचा सूर कुठला, ते आधीच कळतं. ह्याच्यासाठी मी अकरा वर्षं धसका घेतला? साहेब ह्याच्यासाठी उपाशी? आणि ह्यांना — ह्यांनी तर त्याच दिवशी वाचली होती की! ह्यांना ठाऊक होतं! मग वाजवली का नाही? पात चिरली म्हणे! पहिल्याच संध्याकाळी वाजवली असती तर मी दुसऱ्या दिवशी कशाला गेले असते? लबाड! चार महिने! थांब, आज घरी जाऊ दे मला, बघते त्या कवळीकडे.

गाडी आली वाटतं. हो, साहेबच. आण ती पट्टी इकडे. देणार म्हणजे काय, द्यायलाच हवी — नाहीतर तो माणूस ह्या सुंदर शेवटापायी आणखी सतरा कागद फाडेल. रागावतील? रागावू देत. काढलं तर काढलं. तू मध्ये एक अक्षर बोलू नकोस, तुझा पहिला दिवस आहे. वाद्य पूस, खाली बघ.

या साहेब. नाही, स्टँडवर अजून काही ठेवलं नाही. आधी हे बघा. तुमचीच पट्टी आहे. माझ्या बाहीला चिकटली होती.