ग्राफिक्स कार्ड: सुआनला विचारणे

हॅलो?… हो, मीच बी सुआन. कोण बोलतंय?… जरा मोठ्यानं, इथे पंखा घरघरतोय… अरे, बून अंकल! बोला ना. झालं का सगळं?

… वा. दुमजली घर झालं… गाडी झाली… रॅकेटसुद्धा? कागदाच्या रॅकेटला जाळी कशी काय विणलीत?… बरं, बरं, नाही विचारत. उद्या शंभरावा दिवस, विधीवाले दहाला येणार आहेत. तुम्ही नऊपर्यंत सामान पोचवा, म्हणजे अंगणात मांडून एकदम पेटवता येईल, सगळं पांना तिकडे एकत्रच पोचेल… हो, मा इथेच बसलीय, त्यांना तिकडे खर्चायला चांदीचे कागद दुमडतेय. दोन पोती भरली, तरी पुरणार नाहीत म्हणते.

काय?

… कसलं कार्ड?

ग्राफिक्स… अंकल, थांबा. दुसऱ्या कुणाचा फोन मला लावलात का? कम्प्युटर आमचा नाही. यादी मीच दिली होती तुम्हाला. घर, गाडी, कपडे, रॅकेट, कॉफीचा थर्मास. त्यात कम्प्युटर कुठून आला?

… ख्वू तेक लाय. हो, ते माझे वडीलच, पण… मा, तू बून अंकलना कम्प्युटर करायला सांगितलास का गं?… नाही म्हणतेय. तिला तो चालू कुठून करतात हेही ठाऊक नाही, ती कशाला सांगेल?

मग कोणी सांगितला?

… कोणी?

… अंकल, पा जाऊन आज नव्याण्णव दिवस झाले.

… स्वतः? चालत आले होते? कधी?

… चिनी नव्या वर्षाच्या पंधराव्या दिवशी.

… नाही, नाही, ऐकतेय. मा, काही नाही गं, कागदाचा रंग विचारतायत, तू दुमड… एक मिनिट हं अंकल, मी मागच्या दाराशी जाते.

हं. बोला आता… त्या दिवशी मी इथेच होते हो! बॅग भरून दारात ठेवली होती, सिंगापूरच्या बसची वेळ झालेली, आणि पा ‘कॉफी पिऊन येतो’ म्हणून गेले ते दोन तास गायब. बसमध्ये चढेपर्यंत मी धुसफुसत होते… तुमच्याकडे होते? दोन्ही तास?

आणि काय म्हणाले? ‘माझ्यासाठीच करून ठेव’… असं सरळ? मग तुम्ही?… हाकललंत ना? जित्या माणसाचं सामान नाही करत म्हणून?… आणि ते तिथेच स्टूल ओढून बसले. हो. तसेच होते ते… तुमचं भिंतीवरचं घड्याळ उतरवून दुरुस्त करत बसले? ऐकेपर्यंत?

… पण अंकल, आम्हाला डॉक्टरांनी आजाराचं मे महिन्यात सांगितलं. पंधरावा दिवस म्हणजे फेब्रुवारी की हो.

… म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. कागदाची घरं करणाऱ्याला ठाऊक, आणि पोटच्या पोरीला नाही.

… नाही, तुमच्यावर कशाला रागावू?… शपथ घातली होती, कळलं… नाही, रडत नाहीये. तुम्ही बोला.

… यादी आहे? त्यांच्या अक्षरात?… वाचा… नाही, उद्या नको. आत्ता वाचा.

… कॅबिनेट काळं, एका बाजूला काच… ‘आतलं सगळं पाहिजे, नुसतं खोकं चालणार नाही.’ मग तुम्ही काय म्हणालात?… बरोबर आहे, सगळे बाहेरूनच करतात. घराच्या आत जिना आहे की नाही, कोण वाकून बघतो? पण चाळीस वर्षं घड्याळं उघडून बसलेला माणूस तो. त्याला नुसती तबकडी दाखवून कसं चालेल?… मग केलंत? आतले पंखे पण? बांबूच्या कामट्यांचे?… फुंकर मारली की फिरतात? अंकल!

पुढे… मदरबोर्ड, हं… रॅम बत्तीस. थांबा. पट्टी एक की दोन?… दोन. सोळा-सोळाच्या… आणि पंखे पुढे तीन, मागे एक?

… अंकल, ही यादी माझी आहे.

… माझी म्हणजे, मीच त्यांना पाठवली होती. दोन वर्षांपूर्वी. मी तिकडे व्हीआरचं काम करते ना… अहो, तो डोळ्यांवर चढवायचा मोठा चष्मा. घातला की आपण दुसऱ्याच जागी… हो, हो, बेडकासारखा दिसतो तोच. तो पण केलात?… रबरी पट्ट्यासकट? बरं.

त्यात मी एक खोली केली होती. त्यांच्या दुकानासारखी. तेच टेबल, तोच वाकड्या मानेचा दिवा, भिंतभर घड्याळं. म्हटलं, पा, तुम्ही पिनांगमध्ये चष्मा घाला, मी सिंगापुरात घालते, टेबलाशी समोरासमोर बसू. मला वर्षातून दोनदा रजा मिळते हो. त्याला दणकट कम्प्युटर लागतो, म्हणून एकेक भाग निवडून यादी केली, आठ दिवस खपून. उत्तर काय आलं? ‘ओके.’ बस्स.

… नाही, घेतलाच नाही. विचारलं की एकच, ‘मला चक्कर येते.’ एकदा सिंगापूरला आले होते तेव्हा मॉलमध्ये एक घालून पाहिला होता. दोन मिनिटांत खुर्ची धरून बसले, घामानं निथळत… मी शेवटी म्हटलं त्यांना, सरळ सांगा ना, तुम्हाला यायचंच नाहीये.

… हो. असंच म्हटलं. फोनवर.

… मग तो विषय आम्ही काढलाच नाही.

… असू दे. पुढे वाचा. पॉवर सप्लाय किती लिहिलाय?… साडेचारशे? मी साडेसातशे लिहिलं होतं! खोडलं त्यांनी?… बघा! इतका मोठा कशाला, वीज खाईल, हेच म्हणाले असणार. अंकल, साडेचारशेवर नाही चालणार, ऐन वेळी बंद पडेल… कागदाचा आहे, मान्य. मी कुठे नाही म्हणतेय? पण ते तिथे पोचल्यावर आधी काच काढून आत बघणार. त्यांना लगेच कळेल. खोडा. साडेसातशे वॅट. ठळक अक्षरात.

हं, आणि ग्राफिक्स कार्ड… मोकळं? मोकळं म्हणजे?… अहो, ओळीत काहीतरी लिहिलंय म्हणताय ना? चष्मा लावून नीट वाचा.

…

… आहे. आहे मी.

पुन्हा वाचा.

‘सुआनला विचारणे. चक्कर न येणारं.’

… नाही अंकल, खुळचट कसला? अगदी नेमका प्रश्न आहे. चक्कर कार्डामुळेच येते. तुम्ही मान वळवलीत आणि चित्र मागाहून वळलं की डोकं गरगरतं. कार्ड दमदार असलं की चित्र मानेबरोबर वळतं. मॉलमधलं रद्दी होतं… पण हे त्यांना सांगितलं कोणी? मी नाही सांगितलं. मी नुसती रागावले.

… कम्प्युटरची तीन दुकानं हिंडले? बसनं?… आणि तिन्हीकडे वेगवेगळं सांगितलं. मग मला का नाही विचारलं? मी घरातच होते की!

… काय म्हणाले?

… ‘खऱ्याला आता उशीर झाला.’

…

… म्हणून तुम्हाला सांगून ठेवलं. आजच फोन करायचा, शंभराव्याच्या आदल्या दिवशी… ‘त्याआधी तिला ऐकवणार नाही.’ … हो. नसतंच ऐकवलं.

बरं. लिहून घ्या. कार्ड मोठ्यातलं मोठं. तीन पंख्यांचं… तीन, हो. लांबी तुमच्या कोपरापासून मनगटापर्यंत धरा… मावत नाही? मग पुढचा एक पंखा… नाही, थांबा. पंखे काढू नका, आत तापेल. कॅबिनेटच लांब करा. कामट्या आहेत ना शिल्लक? उद्या नऊपर्यंत होईल?… दहा मिनिटं इकडेतिकडे चालतील, विधीवाल्यांना मी चहा पाजते.

आणि नाव-पत्त्याची चिठ्ठी लावाल ना त्यावर? नाहीतर भलत्याच कुणाला मिळायचा. नावाखाली एक आकडा पण घाला. चार आकडी आहे. सात. शून्य. दोन…

… हो, सहाच.

तुम्हाला कसं कळलं?

… यादीच्या तळाशी? त्यांनीच लिहिलाय?… मग मघाशी का नाही वाचलात?… लाजताय कशाला? बोला ना… काय?

लावलात? लॉटरीवर? अंकल! गेलेल्या माणसानं आकडा ठेवलाय म्हणून?… कधीपासून?… बुधवार, शनिवार, रविवार, तिन्ही दिवस? पा गेल्यापासून?… आणि?

… उत्तेजनार्थसुद्धा नाही!

मा, काही नाही गं… हो, मी हसतेय. हसतेच आहे… अंकलना सांगते, हो.

नाही हो, माफी कसली. पा पण हसले असते… तो लॉटरीचा नाही. त्या खोलीचा आहे, दाराचा. चार आकडे दाबले की दार उघडतं. दोन वर्षांपूर्वी एकदाच सांगितला होता, फोनवर. मागे टीव्ही मोठ्यानं चालू, आणि ते नुसते ‘हं, हं’ करत होते. मला वाटलं, ऐकतसुद्धा नाहीयेत.

… आहे. ती खोली अजून आहे. बंद करायला हात धजला नाही. दिवापण चालूच आहे.

… नको, मग चिठ्ठीवर आकडा नका लिहू. त्यांना ठाऊक आहे. नुसतं नाव घाला… हो, ख्वू तेक लाय, आणि दुकानाचा पत्ता. घराचा नको, दुकानाचा.

… अंकल?… हॅलो?… अहो अंकल, तुम्ही कशाला रडताय? कागद भिजेल ना… पुसा डोळे. फोन ठेवा, आणि खळ तापवायला घ्या. कॅबिनेट मोठं करायचंय अजून.