राहू द्या तिला

आदरणीय अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे संचालक महोदय, व्यासपीठावरील पाहुणे मंडळी, आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांना आम्ही सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतो त्या आमच्या बाई, त्यांच्या शेजारी मुद्दाम आग्रहाने बसवलेले त्यांचे यजमान, प्रयोगशाळेतले सहकारी, शेळीघरातली माझी माणसं आणि मागच्या रांगेत उभ्या राहिलेल्या सर्वांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच एक दुरुस्ती. रागावू नका, स्वभाव आहे. निमंत्रणपत्रिकेवर छापलंय, ‘मेंढ्यांमध्ये नाळेचे यशस्वी रोपण’. एकाच ओळीत तीन चुका करायला सुद्धा अंगात कला लागते. त्या मेंढ्या नव्हत्या, शेळ्या होत्या. नाळ कोणी कोणाला जोडली नाही. नाळेच्या आत जो पांढरट, थुलथुलीत गर असतो, त्यातल्या पेशी वाढवून शेळ्यांच्या दुखऱ्या गुडघ्यात सोडल्या. आणि ‘यशस्वी’ हा शब्द बाईंना विचारून छापायला हवा होता. त्यांनी तो खोडला असता. का खोडला असता, तेवढंच सांगायला मी उभा आहे.

मी शेळीघराचा व्यवस्थापक. कॉलेजात गेलो तो फक्त चाऱ्याची गाडी घेऊन. बाकी जे काही कळतं ते मांडीवर शब्दकोश ठेवून स्वतः शिकलो, आणि त्याचा मला अभिमान आहे हे लपवण्याइतका मी नम्र नाही.

तर नाळ. शेळी व्यायला लागली की बाई आणि मी दोघेही तिच्याजवळ. तुम्हाला वाटेल, करडाच्या काळजीने. तीही होतीच. पण खरी शर्यत शेळीशी असायची. कारण करडामागून नाळेसकट जी वार पडते, ती खायची व्यालेल्या शेळीला कोण घाई! आम्ही एक क्षण बेसावध राहिलो तर संशोधन तिच्या पोटात. एकदा तसं झालं, तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, “हरकत नाही, तिचा हक्क आपल्याआधीचा.”

आता प्रयोग. गुडघ्यात हाडांच्या टोकाला जी गुळगुळीत गादी असते, कूर्चा, तिचा छोटा तुकडा भूल देऊन आम्हीच काढला होता. हे गोड शब्दांत सांगता येत नाही आणि सांगूही नये. परवानगी होती, वेदनाशामकं होती, तरी त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. नंतर निम्म्या शेळ्यांना नाळेच्या पेशी दिल्या आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय दिलं, हे पेशी तयार करणाऱ्या बाईंना माहीत. कोण कशी चालते, पाय टेकते की उचलून धरते, हे ठरवणारा मी. म्हणून बाईंनी अट घातली: प्रयोग संपेपर्यंत त्यांनी शेळीघरात पाऊल टाकायचं नाही आणि मी त्यांना काही विचारायचं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरूनही मला सुगावा लागू नये, म्हणून.

आता मला सांगा, ज्या दोन माणसांचा जीव त्या शेळ्यांत अडकलेला, त्यांनीच एकमेकांशी शेळ्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, तर बोलायचं काय? जिन्यात समोरासमोर आलो की बाई हवेबद्दल बोलायच्या आणि मी नळाच्या पाण्याबद्दल. पुढे पुढे बाई मला लांबून बघितलं की जिनाच बदलायच्या. घरी बायकोने विचारलं, “तुमचं आणि बाईंचं वाजलंय का?” मी म्हटलं, “नाही गं, आम्ही प्रयोग करतोय.” ती म्हणाली, “अबोल्याचा?” कार्यालयात तर बोभाटाच झाला. शेवटी संचालक साहेबांनी आम्हा दोघांना चहाला बोलावून मन मोकळं करायला सांगितलं. साहेब, आठवतंय ना? बाई म्हणाल्या, “साहेब, आमचं भांडण नाही, आमची अट आहे.” आणि चहा न पिताच उठल्या, कारण टेबलावर माझ्या शेळ्यांचे फोटो पडले होते.

त्या कळपात एक काळी शेळी होती. नावं ठेवायची नाहीत असा नियम, कानात क्रमांक टोचलेले. पण काळीला काळी म्हणू नका असं कोण कोणाला सांगणार? ही काळी सगळ्यांत आधी चारही पायांवर उभी राहिली. पुढे पुढे तर गव्हाणीवर चढून शेजारणीचा पाला ओढायची. मी मनात पक्कं धरलं, हिला पेशी मिळाल्यात. मिळाल्याशिवाय का ही अशी नाचते?

मग गुपित फुटायचा दिवस आला. मोठ्या टेबलाभोवती सगळे. आमचे आकडेतज्ज्ञ एकेक क्रमांक वाचत होते: पेशी, पाणी, पाणी, पेशी. काळीचा क्रमांक आला आणि ते म्हणाले, “पाणी.” मी क्रमांक पुन्हा वाचायला लावला. बाईंना हे सुरुवातीपासून माहीत होतं. पण ती अशी नाचतेय, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

बेरीज झाली. पेशी मिळालेल्या शेळ्या लवकर पाय टेकत होत्या, त्यांचं दुखणंही कमी होतं. फरक होता, पण थोडा. बाहेरून आलेले एक सल्लागार (आज ते इथे नाहीत म्हणूनच हे सांगायचं धाडस करतोय) पुढे वाकून म्हणाले, “या एका शेळीला वगळा ना. वयाने लहान आहे, जखम आपोआप भरली असेल. ती गेली की निकाल बघा कसा झळकतो.”

बाईंनी विचारलं, “पेशी दिलेल्यांतही एक तरुण शेळी आहे. तीही छान चालते. तिलाही वगळायचं?”

“तिला कशाला?”

“मग काळीही राहील.”

एवढंच बोलणं. पण त्या तीन शब्दांची किंमत बाईंनी पुढे किती काळ मोजली, ते मी पाहिलंय. मोठ्या नियतकालिकाने लेख परत केला, छोट्याने छापला. पेशी वाढवायची खोली निम्मी दुसऱ्या विभागाला गेली. उपाहारगृहात एकाने मला हटकलं, “काय हो, तुमच्या शेळ्या म्हणे मिठाच्या पाण्यानेच बऱ्या होतात?” मी त्याला काय उत्तर दिलं, ते व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. पण खरं सांगू? मलाही रात्रंदिवस वाटायचं, बाईंनी एवढं आयुष्य ज्यात घातलं तो थोडासा फरक खरा तरी आहे का? की आमच्याच गोठ्यातला योगायोग? हे ठरवायचा एकच मार्ग होता. दुसऱ्या कुणीतरी, लांब, स्वतःच्या शेळ्यांवर, पहिल्यापासून सगळं पुन्हा करून बघायचं. एका संस्थेने ते मनावर घेतलं. त्यांचा निकाल काही येईना आणि बाईंच्या निवृत्तीची तारीख काही थांबेना. बाई बोलून दाखवत नव्हत्या. पण नोकरीतून जाताना त्या खऱ्या ठरून जाणार की खोट्या, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं.

आणि मागच्याच आठवड्यात, भर सकाळी, शेळीघरात एक शेळी अडली होती. बाई गुडघ्यांवर बसलेल्या, दोन्ही हात भरलेले. फोन वाजला. म्हणाल्या, “तुम्हीच उचला आणि स्पीकरवर टाका.” तिकडून त्या संस्थेच्या प्रमुख बोलत होत्या, आवाजावरून बाईंहून बऱ्याच लहान.

“मॅडम, निकाल आला. फरक आहे. पण थोडाच आहे.”

“थोडा म्हणजे?”

“जवळपास तुमच्याएवढाच.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. नेमक्या त्याच वेळी करडू बाहेर आलं, त्याला पुसायचं मलाच सुचावं लागलं. तिकडच्या मॅडम सांगत होत्या, “लवकर पाय टेकतात, दुखणं कमी. कूर्चा मात्र पूर्ण भरत नाही.” बाई म्हणाल्या, “आमच्याकडेही नाही भरली.” हे त्या इतक्या आनंदाने म्हणाल्या की ऐकणाऱ्याला वाटावं, काय मोठं यश मिळालंय!

आता तुमच्या लक्षात आलं असेल. त्या दिवशी काळीला वगळलं असतं, तर आमचा फरक छापून आला असता हत्तीएवढा आणि त्या संस्थेचा निघाला असता शेळीएवढा. मग बाईंकडे जगाने कोणत्या नजरेने पाहिलं असतं?

पण फोन संपला नव्हता. त्या मॅडम घुटमळत म्हणाल्या, “एक अडचण आहे. नुसतं पाणी दिलेली आमची एक शेळी सगळ्यांत छान चालते. इथले लोक म्हणतायत, तिला काढून टाका.”

बाईंना हसू आवरेना. “रंग कोणता हो तिचा?”

“पांढरी आहे. का?”

“काही नाही, सहज विचारलं. राहू द्या तिला.”

या सगळ्या गडबडीत शेळीने वार केव्हाच खाऊन टाकली होती, नाळेसकट. मी बाईंना म्हटलं, “गेली!” बाई म्हणाल्या, “खाऊ दे. आज पोटभर खाऊ दे.” आणि हात धुऊन सरळ घरी गेल्या. यजमान मघाशी सांगत होते, ही उजेडात घरी आली म्हणून मी घाबरलो, विचारलं, बरं नाही का? तर म्हणाली, “बरं आहे,” आणि दिवसाढवळ्या गाढ झोपली. साहेब, त्या दिवशी मीही झोपलो. माझी बायको साक्षीला आहे.

या पेशी माणसाच्या गुडघ्याला कधी आणि किती उपयोगी पडतील, ते मी सांगणार नाही. बाईंनीच ते अजून सांगितलेलं नाही, तर मी कोण? थोडा फरक आहे आणि तो खरा आहे, इतकंच आज या सभागृहात ठामपणे म्हणता येतं.

मला बोलायला दिल्याबद्दल अध्यक्षांचे, एवढा वेळ खुर्ची न सोडल्याबद्दल आपले आणि शेळीघर सांभाळायला आज मागे राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांचे आभार. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. पत्रिका ज्यांनी छापली त्यांनी तर नक्कीच. बाई, सुखाने घरी जा. नमस्कार.