रशीदभाईची बोट

आमच्या रशीदभाईनं एकदा बोट घेतली, ठाऊक हाय का? सोलापुरात! दोन ट्रकांतला एक विकून रत्नागिरीच्या लिलावातनं स्मगलरची जप्त झालेली बोट घेतली, लई पळणारी. उजनीचं धरण तेव्हा बांधत होते. ते भरलं की लोकांना फिरवायचा बेत. पैसे भरून झाल्यावर ट्रकवाल्याच्या सवयीनं त्यानं तिथल्या मिस्त्रीला विचारलं, "लिटरला किती ॲव्हरेज देती?"

मिस्त्री म्हणाला, "लिटर कसले? तासाला पिंपभर पेट्रोल पिते ही."

रशीदभाईनं बोट उरलेल्या ट्रकवर चढवली आन् घरी आणली. भाभी दारातच उभ्या. "ही बला पोसणार कोण?"

"ट्रक," तो म्हणाला.

आन् पोसली की! त्या लगनसराईत गल्लोगल्लीच्या वराती ट्रकवरच्या त्या बोटीतनं निघाल्या. बोटीनं पाणी परत कधी बघितलं न्हाय, नवरदेव मात्र लई बघितले.