वीतभर माती

कुरिअरच्या रांगेत शिंपीणकाकूंच्या पुढे दोन शास्त्रज्ञ उभे होते. फेरतपासणीला पाठवायचं मातीचं खोकं दोघांच्या मध्ये होतं.

“यंदा किती खोल खणलंस?”

“वीतभर. खाली जमीन दगडासारखी होती, ताई.”

“अरे, पहिल्या वर्षी हातभर खणलं होतं. कार्बन वरच्याच थरात जास्त असतो. म्हणजे मातीतला कार्बन खरं तर वाढलेलाच नसेल, उथळ खणल्यामुळे आकडा मोठा दिसला.”

“हळू बोला. वाढला म्हणून काल गावात सांगून आलोय. लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

“मला न विचारता?”

“हे फुटलं तर आपल्या संस्थेला कोण दारात उभं करेल?”

“आणि नाही फुटलं तर? गाव खोट्या आकड्यावरच विसंबून राहील.”

त्याने खोकं खिडकीकडे सरकवलं.

“पुढचे कोण?” खिडकीतून कारकुनाने विचारलं. “खोक्यात काय आहे?”

“माती,” तो घाईने म्हणाला.

“अर्धीच आहे,” म्हणत ताईंनी खोकं उचललं. “काकू, तुम्ही व्हा पुढे. आम्हाला अजून खणायचंय.”