दीड इंच

मावशी : काय म्हणतात तुझे साडेचारशे मालक?

भाची : सभासद गं. आमची शिवणाची ऑनलाइन शाळा सगळ्यांची आहे. कुणी एकटा ठरवत नाही.

मावशी : तीस वर्षं शर्ट शिवले मी. माझ्या धड्यात सांगितलं, बाजूच्या शिलाईला दीड इंच कापड सोडा. त्याचं पाव इंच कुणी केलं?

भाची : मतदान झालं. कापड वाया जाऊ नये असा ठराव होता.

मावशी : मत देणाऱ्यांपैकी सुईत दोरा किती जणांना ओवता येतो?

भाची : ते विचारत नाहीत.

मावशी : कशाला विचारतील! उद्या सूर्य कुठून उगवावा यावरही मतं घ्या.

भाची : तुलाही मतं होती की.

मावशी : तीन! आणि तो फोटोत टोपी घालून बसलेला सभासद, त्या टोपीवाल्याला सहाशे. त्यानं काय शिकवलंय आजवर? साधं बटण तरी?

भाची : चर्चेत बोललं की गुण मिळतात. जितके गुण, तितकी मतं.

मावशी : म्हणजे शिकवणारी तीन आणि तोंडपाटीलकी करणारा सहाशे. वा रे शाळा! तुझी किती?

भाची : चारशे दहा.

मावशी : अगं बाई! आणि ती कुणाच्या पदरात टाकलीस?

भाची : झालं ते झालं. आज सहाला दुसरं मतदान आहे. तुझा मूळ धडा ठेवायचा की पुसायचा. पुसला की सगळ्यांच्या संगणकातून जातो, परत येत नाही.

मावशी : तू पुसणारच असशील.

भाची : दोन धडे असले की शिकणारे गोंधळतात, मावशी.

मावशी : बरं. मघापासून हात अंगाला चिकटवून का बसलीयस? आणि हा शर्ट कुठला?

भाची : मीच शिवला. उद्या मुलाखत आहे.

मावशी : कुठल्या धड्यावरून?

भाची : नव्या.

मावशी : हात वर कर.

भाची : नको ना.

मावशी : कर म्हणते ना!

भाची : काखेत फाटेल गं. थोडा सैल करून दे ना.

मावशी : आत पाव इंच ठेवलंयस. सैल करायला काय सोडू, तुमचा ठराव?

भाची : थांब, एक मिनिट.

मावशी : आता फोनमध्ये काय डोकं घातलंस?

भाची : सहाला दोन मिनिटं होती. मतं दिली.

मावशी : कशाला?

भाची : दीड इंच ठेवायला. पण हरशील तू. टोपीवाल्याची सहाशे आहेत.

मावशी : हरू दे. काढ तो शर्ट, काखेत जोड घालते. उद्या तिथे हात तेवढा वर करू नकोस.