झुंबरबाईची गाठ आणि आमच्या ह्यांची पेन्सिल

...आणि वर ह्यांचं म्हणणं काय, तर 'मी चूक काय केली?' ऐका! चूक काय केली म्हणे! अहो, आजारी माणसाचा फोटो काढायला सांगितला आणि ह्यांनी त्यातला आजारच पुसून टाकला, ह्याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा! बसा, बसा, उठू नका, हे आत काळोख्या खोलीत आहेत, इतक्यात काही बाहेर यायचे नाहीत, आणि मध्येच दार उघडलं तर तुमच्याच मुलीचा फोटो वाया जाईल, तेव्हा बसा निवांत. तुम्हाला सांगते, फोटो काढणाऱ्याशी लग्न करण्याइतकी डोकेदुखी नाही. पण ह्यांना सांगणार कोण?

आता हात चांगला आहे हो ह्यांचा, मी नाही कुठे म्हणते? पंचवटीत विचारा कुणालाही. फोटो आधी काचेवर उतरतो, ती काच धुतली, वाळली, की खिडकीशी बसायचं, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं, आणि काचेवरच्या चेहऱ्यावर टिकटिक, टिकटिक... झालं! देवीचे वण गेले, मस गेला, नाकावरचा फोड गेला, डोळ्याखालचं काळं गेलं. पेन्सिलीनं नाही भागलं तर पातं आहेच, बारीक, त्यानं खरवडायचं. आमच्या गल्लीतल्या गुरुजींचा फोटो असा काढला, असा काढला, की त्यांच्या आईनं विचारलं, "कोण हो हा देखणा मुलगा? लग्न ठरलंय का ह्याचं?" देवळाली कॅम्पातल्या एका मडमेची तर इतकी वर्षं कमी केली की तिचा नवरा तिच्याऐवजी फोटोकडेच बघत बसायचा, असं तिचा खानसामा सांगत होता. मी म्हणायची, अहो, थोडं राहू द्या माणसाचं माणसाला! पण ह्यांना सांगणार कोण?

तर अशा ह्या माणसाकडे एक दिवस डॉक्टर दातीर आले. गोदावरीपलीकडचा धर्मादाय दवाखाना ते बघतात. माणूस देवासारखा, पण बोलणं कसं, की जणू शब्दाशब्दाला जकात भरावी लागते. "मास्तर. पेशंट आहेत. फोटो हवेत. समोरून एक, बाजूनं एक. रोग दिसला पाहिजे. बाकी काही नको." का, तर मोठी ऑपरेशनं होणार मुंबईला. तिथले मोठे सर्जन फोटो बघणार, आणि ठरवणार कुणाला बोलवायचं. खाटा कमी, माणसं फार. हे लगेच म्हणाले, "अलबत!" आणि मला म्हणाले, "तूही चल, बायामाणसं असतील, त्यांना धीर येईल." मला वाटलं, चला, पुण्याचं काम आहे.

आणि निघताना बघते तर काय, टांग्यात कॅमेरा, तिवई, काळं कापड, इथवर ठीक, पण वर पडदा! हाच, हा तुमच्या मागे टांगलाय ना, राजवाडा, तळं, तळ्यात हंस! आणि कोरीव खुर्ची! आणि फुलदाणी! मी म्हटलं, "अहो, दवाखान्यात निघालो आपण, कुणाच्या मुंजीला नाही." तर म्हणतात कसे, "माणूस गरीब असला म्हणून काय झालं? त्याच्या मागे राजवाडा नको का?"  मनातून बरं वाटलं हो मला, पण दाखवलं नाही. दाखवलं की हे शेफारतात.

दवाखान्यात गंमतच गंमत. एकाच्या पाठीवर ही एवढाली गळवं, त्याला पाठमोरा बसवला, समोर तळं नि हंस, आणि हे सवयीनं काळ्या कापडातून ओरडतात, "जरा हसा!" तो बिचारा मान वळवून म्हणतो, "मास्तर, पाठीनं कसं हसू?" सगळा वॉर्ड हसायला लागला, कण्हणारेसुद्धा. आणि मग आली झुंबरबाई.

पेठकडची, डोंगरातली बाई. नवऱ्याबरोबर आलेली, रावजी त्याचं नाव, अर्धी वाट चालत नि अर्धी सर्व्हिस मोटारीनं. गळ्याला गाठ. केवढी ते मी हातानं दाखवत नाही, आपल्या अंगावर दाखवू नये. एवढंच समजा, की घास उतरत नव्हता. भाकरी सुटलेली. नागलीची पातळ आंबील, तीही घोट घोट, मान वाकडी करून. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, "वहिनी, हिला मुंबईला लवकर नाही बोलावलं, तर आंबीलही बंद होईल." 

आणि ती पदर काढीना! गळ्याभोवती घट्ट, दोन्ही मुठींत धरलेला. हे कापडातून, "पदर जरा बाजूला." ती, "नाय." हे, "थोडासाच." ती, "नाय म्हंजे नाय." मग मी ह्यांना म्हटलं, तुम्ही गप्प बसा, नि तिच्याजवळ बसले, केस विंचरायला घेतले तिचे. विंचरता विंचरता हळूच म्हणते कशी, "बाई, लगीन झालं तवा ही नव्हती वो. त्येंनी मला बिनगाठीची बघितल्याली हाय."  मी नुसती वेणी घालत राहिले. आणि दारात उभा असलेला तो रावजी, त्यानं ऐकलं असावं, गुपचूप वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तिला लाजायला नको म्हणून! मग तिनं मुठी सोडल्या. ह्यांनी फोटो काढला, पण 'हसा' म्हणाले नाहीत त्या वेळी.

इथपर्यंत सगळं ठीक हो! घरी आलो, काचा धुतल्या, वाळवल्या, हे खिडकीशी बसले, टिकटिक सुरू. मी म्हटलं, असेल कुणाची नवरी. मला काय ठाऊक, आत झुंबरबाई आहे म्हणून! ह्यांनी तिची गाठ अशी काढली, बाई, की काय सांगू! पात्यानं खरवडली, पेन्सिलीनं सारखी केली, गळा कसा, देवीच्या मूर्तीसारखा! आणि मग हात चाललाच होता, तर त्या पाठवाल्याची गळवंही गेली. कुणाची सूज गेली, कुणाचा फुगलेला पाय गेला. एका दिवसात सगळा वॉर्ड ठणठणीत! डॉक्टर नेमके फिरतीवर, त्र्यंबककडे पटकीची साथ उठलेली. ह्यांनी फोटो वाकू नयेत म्हणून पुठ्ठे लावून, शिवून, पुडकं चिमाजी कंपाउंडरच्या हातात दिलं, आणि त्यानं ते तसंच मुंबईला धाडलं. आणि एवढ्यावर थांबतील तर हे कसले? एक प्रत झुंबरबाईला नेऊन दिली, ती उतरली होती त्या धर्मशाळेत! का, तर म्हणे, "कुणी दिला असता तिला फोटो?"

मग काय व्हायचं तेच झालं. डॉक्टर दातीर आले ते थेट ह्या खोलीत, जोड्यांसकट! आणि ज्या माणसाच्या तोंडून कधी चार शब्द सलग येत नाहीत, तो असा सुटला म्हणता! "मास्तर! मुंबईचे सर्जन काय म्हणतात माहीत आहे? म्हणतात, दातीर, तुमच्या नाशिकचे पेशंट इतके धडधाकट असतील तर माझीच तिकडे सोय करा, माझी प्रकृती बरी नसते! एकालाही बोलावलं नाही, मास्तर! एकालाही नाही! बाकीचे थांबतील हो. झुंबरबाई थांबेल?"

तुम्हाला सांगते, ह्यांची पेन्सिल हातात तशीच. तोंड इतकंसं झालं. नेहमी मी दोन शब्द बोलले की चार देणारा माणूस, त्या दिवशी मला म्हणतो, "मला वाटलं, तेवढंच तिला बरं वाटेल गं." मला राग यायला हवा होता की नाही? आला नाही! मेला, रागसुद्धा वेळेवर येत नाही माझा. मी म्हटलं, "उठा. फोटो परत काढा. बाकीच्यांचे उद्या काढू, पण संध्याकाळचं टपाल हिच्यासाठी गाठू." पडदा नाही, खुर्ची नाही, फुलदाणी नाही. कॅमेरा खांद्यावर नि हे पुढे, मी मागे, भाजीबाजारातून धावत, लोक विचारतात, "काय मास्तर, कुठं आग लागली?"

धर्मशाळेत बघतो तर झुंबरबाई अंगणात बसलेली, गळ्याला पदर, आणि आल्यागेल्याला फोटो दाखवते, "ही मीच हाय!" आंबीलही त्या दिवशी अर्धीच गेली होती म्हणे, पण फोटो खाली ठेवत नव्हती. हे म्हणाले, "झुंबरबाई, दुसरा फोटो काढायचाय."

"कशाला? ह्यो लय झ्याक हाय."

"त्यात गाठ दिसत नाही."

"मंग! तेच तर!"

"डॉक्टरांना गाठ दिसायला हवी, बाई."

तर ती आमच्याकडे अशी बघते, जणू आम्हीच औषधाला आलोय. "येडे का काय तुमी? शिंप्याला जसा नमुना द्यावा तसं तो शिवतो. म्हमईच्या डाक्टरला बिनगाठीचा फोटू धाडलाय, तो मला अशी करून देनार. आता गाठीचा फोटू धाडला, आन् त्यानं गाठ तशीच ठिवली म्हंजे?"

आता बोला! आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय. त्या बाईनं तो फोटो नमुना म्हणून धरला होता! इतके दिवस त्या नमुन्याच्या भरवशावर आंबीलीचा घोट गिळत होती ती! मला तर रडूच कोसळलं, मी पदर तोंडाला लावला. आणि आमचे हे, पंचवटीतले नावाजलेले फोटोवाले, चक्क मातीत बसले तिच्यापुढे. म्हणाले, "झुंबरबाई, हा नमुना नाही. ही गाठ मी पुसली. काचेवर. पेन्सिलीनं. मला बघवली नाही म्हणून."

ती फोटोकडे बघते, ह्यांच्याकडे बघते. मग म्हणाली, "तुमाला पुसाया येती व्हय?" आणि पदर आपल्या हातानं खाली घेतला, गळ्यावर हात ठेवला. "मंग हितली बी पुसा की, मास्तर."

 हे मान खाली घालून बसले. तेव्हा तो रावजी, ज्याचा आवाजही मी तोवर ऐकला नव्हता, तो पुढे आला, तिच्याजवळ बसला. "अगं, त्येंच्या हातात नुसती काच हाय. हितली काढनारा म्हमईला हाय. त्याला दिसू दे." आणि ह्या वेळी भिंतीकडे नाही वळला. तिचा हात धरून तिच्याकडे बघत राहिला, गाठीसकट. आणि तीही बसली मग, मान वर करून, भर उन्हात.

ह्यांनी फोटो काढला. समोरून एक, बाजूनं एक. पण काळ्या कापडातून बाहेर यायला फार वेळ लागला बरं का.  बाहेर आले तेव्हा म्हणाले, "ऊन फार आहे." मी म्हटलं, "हो, आहे खरं."

धावत घरी येऊन काच धुतली, फोटो छापला, टपाल गाठलं. पण झुंबरबाईची अट, "ह्यो बी धाडा. म्हंजे त्याला कळंल, काढल्यावर कशी दिसाया पायजे ते." डॉक्टर दातीरांनी कपाळाला हात लावला, पण जुन्याची आणखी एक प्रत काढून धाडले दोन्ही! आणि मुंबईहून बोलावणं आलं. ती गेली, आणि मग ते दिवस... ह्यांना जेवण जाईना, मला झोप येईना, हे नवऱ्या-नवरदेवांचे फोटो काढायचे आणि 'हसा' म्हणायचं विसरायचे. टांगा वाजला की दोघं दारात.

आणि एक दिवस दारात ती उभी, मागे रावजी! पदर डोक्यावर, गळा मोकळा! हा इथून तिथवर टाक्यांचा वण, मान किंचित एका अंगाला, पण गाठ नाही! मी आत गेले नि भाकरी थापली. इथे, ह्याच जमिनीवर बसून झुंबरबाईनं अख्खी भाकरी खाल्ली, हो, सरळ मान करून, आणि आम्ही तिघं तिच्या गळ्याकडे बघत बसलेलो, एकेक घास उतरताना. रावजी तर प्रत्येक घासाला स्वतःच गिळत होता.

डॉक्टरांना आता बरी झाल्याचाही फोटो हवा होता. ह्या वेळी मी पेन्सिल नि पातं दोन्ही कमरेला खोचून ठेवली, म्हटलं, हात लावाल तर खबरदार! फोटो निघाला, वण जसाच्या तसा. झुंबरबाईनं तो हातात घेतला, कनवटीचा जुना काढला, दोन्ही शेजारी धरले, पार उजेडाला नेऊन बघितले. मग ह्यांच्याजवळ आली नि हळूच म्हणाली, "मास्तर, म्हमईच्या डाक्टरनं काम बरं केलंय. पन तुमच्यावानी सफाई नाय त्याच्या हाताला."

झालं! संपलं! मी कपाळाला हात लावला. इतके दिवस मान खाली घालून वागणारा माणूस, त्या क्षणी दोन बोटं उंच झाला की हो! आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर दातीर आले तर त्यांना काय म्हणतात, "डॉक्टर, मुंबईच्या साहेबांना कळवा, पुढच्या खेपेला टाके घालायच्या आधी एकदा मला विचारत जा म्हणावं." आणि तो डॉक्टर, शब्दाला जकात भरणारा, तो गंभीरपणे म्हणतो, "कळवतो." आता मी एकटी कुणाकुणाला सांगणार? गेले आत, आणि तिघांचा चहा टाकला.